वीज परत आल्यावर

१

सोमवारी दुपारी दोन वाजून पंचावन्न मिनिटांनी मावशींनी दुसऱ्या खोलीचं दार उघडलं. आत काहीच आवाज नव्हता.

उबवणी केंद्रात अंडी पहिल्या खोलीत अठरा दिवस असतात आणि दुसऱ्या खोलीत शेवटचे तीन. तो विसावा दिवस होता. विसाव्या दिवशी पिल्लं कवचाच्या आतूनच बोलायला लागतात, आणि त्यावर मोठ्या पंख्यांची घरघर असते. अकरा वर्षांत मावशींनी ही खोली शांत ऐकली नव्हती. त्यांनी अंड्यांच्या कपाटाचं दार उघडलं. गरम, कोंदट हवा तोंडावर आली. अकरा हजार चारशे अंडी होती.

पंख्यांना आणि तापमानाला सांभाळणारा छोटा संगणक भिंतीवर होता. जेवणाच्या डब्याएवढा, पत्र्याचा, बिनपंख्याचा. सगळे त्याला डबाच म्हणत. डब्याचा हिरवा दिवा विझलेला होता. मावशींनी बटण दाबलं. दिवा लागला, मिनिटभरात पंखे फिरू लागले. डब्याला काहीही झालेलं नव्हतं. तो फक्त बंद होता.

एक वाजून पस्तीस मिनिटांनी वीज गेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. जनरेटरने पंधरा सेकंदांत भार उचलला होता. अशा वेळी डबा आपला आपण सुरू व्हायचा. दोन वर्षांत डझनभर वेळा झाला होता. या वेळी झाला नाही, आणि धोक्याचा भोंगाही डब्यालाच जोडलेला असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

एकही पिल्लू वाचलं नाही. मंगळवारी मावशींना कागद मिळाला. स्वतःच्या हाताने डबा बंद केल्याचं कबूल करून गुरुवारी पाचच्या आत सही केली, तर त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली असं दाखवलं जाईल आणि कंपनीची खोली निवृत्तीच्या तारखेपर्यंत, म्हणजे अजून चौदा महिने, राहू दिली जाईल. नाही केली तर बडतर्फी, आणि खोली महिन्याभरात खाली.

त्या खोलीत मावशींबरोबर त्यांचा धाकटा भाऊ, भावजय आणि दोन भाच्या राहत होत्या. भाऊ केंद्रातच वायरमन होता.

२

कामगार खात्याच्या तपासनीस बाई बुधवारी सकाळी नऊ वाजता आल्या. कायम कामगाराला काढायचं तर खात्याची चौकशी लागते, आणि केंद्राच्या साहेबांना ती उरकून हवी होती.

बाईंचा गुडघा दुखत होता. टेबलावर एकोणीस फायली पडून होत्या आणि ही विसावी. फाटकावरच त्यांना सांगण्यात आलं, की आत जायचं तर डोक्यावरून अंघोळ करावी लागेल, इथले कपडे घालावे लागतील, आणि बाहेरची वस्तू आत जाणार नाही.

"फोन?"

"नाही बाई."

"चष्मा?"

"धुऊन."

"वही?"

"खिडकीतल्या पेटीत वीस मिनिटं ठेवायची. निळ्या दिव्याखाली. आणि नोंदवहीत लिहायचं. रोग आत जाऊ नये म्हणून." पहारेकरी जरा वरमला. "आम्हीसुद्धा रोज करतो."

"परत बाहेर आले आणि परत आत जायचं झालं तर?"

"परत अंघोळ. बाहेर पडतानाही अंघोळच."

आधी त्या बाहेरच्या बाजूला, साहेबांच्या खोलीत बसल्या. साहेब पन्नाशीचे, दोन रात्री न झोपलेले. त्यांनी तीन कागद पुढे सरकवले.

"मला काही तिच्याशी वैर नाही हो," ते म्हणाले. "पण हे बघा. दोन वर्षांपूर्वी दाराचा भोंगा वाजतो म्हणून हिने डबाच बंद केला होता. ही ताकीद. ही सोमवारची तापमानाची नोंद, एक वीसनंतर काहीच नाही. हा इंजिनिअरचा अहवाल. ज्यांनी डबे बसवले त्यांचा माणूस काल येऊन गेला. कीबोर्ड जोडून आतलं सेटअप पाहिलं. सगळं बरोबर."

"सेटअप म्हणजे?"

"डबा सुरू होताना, कुठलाही प्रोग्रॅम चालू होण्याआधी, जे मूळ नियम वाचतो ना, ते. डब्याच्या पोटातच असतात. त्यात एक नियम आहे, वीज परत आल्यावर काय करायचं. एक तर आपोआप सुरू व्हायचं, नाहीतर कुणी बटण दाबेपर्यंत बंद राहायचं. दुसऱ्या खोलीच्या डब्याला 'आपोआप सुरू' लावलेलं आहे. अहवालात आहे बघा, 'योग्य आढळले'. आता डबा चांगला, नियम बरोबर, मग बंद कसा राहिला? जेवायला जाताना हिने बटण दाबलं असणार. दुसरं काय असणार, सांगा तुम्हीच."

बाईंनी अहवाल दोनदा वाचला. मग आत येण्या-जाण्याची नोंदवही मागवली. मावशी सोमवारी दीड वाजता बाहेर पडल्या होत्या. जेवण झाल्यावर अंड्यांचा ट्रक आला आणि माणसं कमी म्हणून त्यांनाच उतरवायला लावलं. दोन बावन्नला अंघोळ करून आत.

"एक वीसला शेवटचं तापमान त्यांनी लिहिलंय," बाई म्हणाल्या. "दीडला बाहेर. वीज गेली एक पस्तीसला. बरोबर?"

"बरोबर."

"मग साहेब, तुमच्या तीन कागदांपैकी एक खोटा आहे," बाई उठत म्हणाल्या. "कुठला ते अंघोळ करून आल्यावर सांगते."

३

मावशी दुसऱ्या खोलीत, रिकाम्या कपाटासमोर स्टुलावर बसल्या होत्या. काम नव्हतं, पण पाळी होती.

"या," त्या म्हणाल्या. "केस नीट पुसा, इथे गार वारा लागतो."

"तुम्ही बटण दाबलंत का?"

"नाही."

"दोन वर्षांपूर्वी दाबलं होतं."

"तेव्हा दाबलं होतं, तेव्हा सांगितलं होतं. ताकीदसुद्धा मीच वाचून दाखवली सगळ्यांना." मावशींनी हात मांडीवर ठेवले. "सोमवारपासून तेच सांगतेय बाई. माझा भाऊ म्हणतो, ताई, विसरली असशील, वय झालंय, सही कर आणि सूट. दाबलं असतं तर केली असती. न दाबलेल्याची कशी करू?"

"मग पाच वाजता उद्या काय करणार?"

मावशींनी रिकाम्या कपाटाचं दार लावून घेतलं.

"दोन पोरी शाळेत जातात इथून," त्या म्हणाल्या. "करीन सही. काय करणार?"

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. डब्याच्या बाजूला प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद डकवला होता. त्यावर सेटअपचे सगळे नियम एकाखाली एक लिहिलेले. वीज परत आल्यावर: आपोआप सुरू. डब्यावर फक्त बटण, दिवा आणि प्रोग्रॅमचं कार्ड घालायची खाच. कीबोर्ड नव्हता.

"कीबोर्ड कुठे असतो?"

"बाहेर, साहेबांच्या कपाटात. आत ठेवत नाहीत. इथे पाणी मारतात, फेस मारतात, काय टिकतंय?"

बाईंनी खिडकीतल्या पेटीची वही मागवली. आत गेलेली प्रत्येक वस्तू तिच्यात होती. बाईंची वही आजच्या तारखेला, चष्म्याच्या फडक्यासकट. कीबोर्ड मंगळवारी, इंजिनिअरबरोबर. त्याआधीचा कीबोर्ड शोधायला पाच महिने मागे जावं लागलं.

म्हणजे सोमवारपर्यंत पाच महिने कीबोर्ड आत आलेला नव्हता. अहवालाप्रमाणे डब्यातलं घड्याळ बिनचूक होतं, म्हणजे घड्याळ आणि नियम दोन्ही टिकवून धरणारी आतली बटणाएवढी बॅटरी जिवंत होती. कुणीही नियम बदलू शकत नव्हतं. आणि तरीही, बाईंची खात्री होती, सोमवारी त्या डब्यातला नियम वेगळा होता.

४

जेवणाच्या सुट्टीत वायरमन भेटला. चाळिशीचा, हडकुळा, बोलताना सतत हात पुसणारा.

"ताईचं डोकं जाग्यावर नसतं हल्ली," तो म्हणाला. "वाईट वाटतं बोलायला. पण सही केली तर घर तरी राहतं."

"डब्यांना तुम्ही शेवटचा हात कधी लावलात?"

"गुरुवारी. दुसरी खोली धुवायची होती. धुताना धूर देतात, त्याने आतलं सडतं, म्हणून डबा काढून आतल्याच बाकावर आणतो. म्हटलं काढलाच आहे, तर पहिल्या खोलीचाही आणू, दोन्ही एकदम हवेने फुंकून घेऊ. वीस मिनिटं डबा नसला तर त्या अंड्यांना काही होत नाही. कार्डं काढली, फुंकलं, पुसलं, कार्डं घातली. पहिल्या खोलीतल्या काकूंचा डबा लगेच टांगला, चालू. ताईची खोली शनिवारपर्यंत सुकत होती. शनिवारी मेन टाकला, बटण दाबलं, दिवा लागला. झालं."

"डबे बदलले तर?"

"बदलले तरी काय बिघडतंय? दोन्ही जुळे आहेत. डोकं सगळं कार्डात. पहिल्या खोलीचं कार्ड घातलं की तो पहिल्या खोलीचा डबा. कार्डावर मी रंग लावलेत, लाल आणि पिवळा. कार्ड कधी चुकत नाही माझं." हे त्याने अभिमानाने सांगितलं.

बाईंनी लिहून घेतलं. चार शब्दांखाली रेघ मारली. मेन टाकला, बटण दाबलं.

मग त्या पहिल्या खोलीत गेल्या. तिथल्या काकू ट्रेचा गाडा ढकलत होत्या आणि थांबायला तयार नव्हत्या. बाई लंगडत मागे.

"विचारा की चालता चालता. माझी अंडी थांबत नाहीत, तुमच्या खात्यासारखी."

"डबा कसा चालतोय?"

"अहो, शहाणा झालाय! आधी वीज गेली की मी यायची, आत कुणी नाही बघायची, मग बटण दाबायची. परवा शुक्रवारी वीज गेली आणि आली, तर पठ्ठ्या आपला आपणच उठला. मी कपाटात वाकलेली, आणि ट्रेची चौकट लागली की फिरायला. बाही अडकता अडकता राहिली. म्हटलं, अरे मेल्या, सांगून तरी उठ!" काकू हसल्या.

बाई हसल्या नाहीत. त्या खोलीच्या भिंतीवरही तसाच प्लॅस्टिकमधला कागद होता. वीज परत आल्यावर: बंद राहावे. त्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, आत माणूस नाही याची खात्री करूनच सुरू करणे.

"काकू," बाई म्हणाल्या, "गाडा सोडा आणि बाहेर या. मी सांगेपर्यंत या कपाटात कुणी हात घालायचा नाही."

५

गुरुवारी दुपारी चार वाजता साहेबांच्या खोलीत सहा माणसं होती. त्यातल्या चौघांचे केस ओले होते. मावशी दाराजवळ बसल्या. त्यांच्यासमोर टेबलावर कबुलीचा कागद आणि पेन होतं. इंजिनिअर इस्त्रीच्या शर्टात, बॅग मांडीवर घेऊन बसला होता.

"आधी सोपं," बाई म्हणाल्या. "साहेब, तुमच्या म्हणण्याप्रमाणे मावशींनी दीडच्या आधी बटण दाबून डबा बंद केला. इंजिनिअरसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे डब्याला नियम होता, वीज परत आली की आपोआप सुरू व्हायचं. मी बरोबर सांगतेय?"

"हो," इंजिनिअर म्हणाला.

"वीज गेली एक पस्तीसला आणि पंधरा सेकंदांनी आली. मग बंद केलेला डबासुद्धा तेव्हा सुरू व्हायला हवा होता. हा नियम आधी कुणी बंद केलं होतं ते विचारत नाही, वीज आली की उठतो. हो ना?"

इंजिनिअरने बॅगेची चेन लावली, उघडली.

"हो," तो म्हणाला.

"त्यानंतर दोन बावन्नपर्यंत मावशी बाहेर ट्रकवर होत्या. आत दुसरं कुणी गेलं नाही, वहीत आहे. म्हणजे अहवाल खरा असेल, तर मावशींनी बटण दाबलं असतं तरी डबा चालू असता. तो बंद होता. म्हणून अहवाल खरा नाही."

साहेबांनी तीन कागद परत हातात घेतले, जणू त्यांच्यावर काही नवीन छापून आलं असावं.

"सोमवारी त्या डब्यात 'बंद राहावे' होतं," बाई पुढे म्हणाल्या. "मंगळवारी कीबोर्ड आत गेला. नियम बदलायला पासवर्ड लागतो, आणि तो माहीत असलेला एकच माणूस त्याच्याबरोबर होता. तो बाहेर आला तेव्हा 'आपोआप सुरू' होतं."

मग इंजिनिअर खालच्या आवाजात बोलला.

"मी फक्त दुरुस्त केलं."

"आणि लिहिलंत 'योग्य आढळले'."

"दोन वर्षांपूर्वी दोन्ही डबे मीच लावले होते. एका संध्याकाळी. एकाला सुरू, एकाला बंद. मला वाटलं, मीच चुकलो. दुसऱ्या खोलीचा डबा माझ्याकडून चुकीचा लागला." त्याने मान वर केली नाही. "कंपनीत दोन चुका आधीच आहेत माझ्या नावावर."

"तुमच्या चुकीने डबा दोन वर्षं डझनभर वेळा आपोआप सुरू कसा झाला, याचा विचार केलात?"

त्याने केला नव्हता. घाबरलेला माणूस मागचा हिशेब करत बसत नाही, समोरचं पुसून टाकतो.

"तुम्ही चुकला नव्हता," बाई म्हणाल्या. "जे झाकलंत, ते तुमचं नव्हतंच."

६

बाईंनी डबे बसवले त्या वेळचा ताबा-कागद उघडला. पहिल्या खोलीच्या डब्याचा क्रमांक सत्तेचाळीसने संपणारा. दुसऱ्या खोलीचा एक्केचाळीसने.

"क्रमांकाची पट्टी मागच्या बाजूला असते, भिंतीकडे. टांगल्यावर दिसत नाही. आज सकाळी पहिल्या खोलीचं काम थांबवून आम्ही दोन्ही डबे उतरवले. वायरमनदादा, तुम्हीच वाचलेत. सांगा."

वायरमन हात पुसत होता. हातात फडकं नव्हतं.

"ताईच्या खोलीत सत्तेचाळीस," तो म्हणाला. "काकूंच्या खोलीत एक्केचाळीस."

"प्रोग्रॅम कार्डात असतो. कार्डं तुम्ही बरोबर घातलीत. पण वीज आल्यावर काय करायचं हा नियम कार्डात नसतो, डब्याच्या पोटात असतो. डबे बदलले, नियमही बदलले. काकूंचा 'बंद राहावे' मावशींकडे गेला आणि मावशींचा 'आपोआप सुरू' काकूंकडे. शुक्रवारी काकूंचा डबा आपणहून उठला. शनिवारी तुम्ही मेन टाकलात, तेव्हा हा डबा उठला नाही, तुम्हाला बटण दाबावं लागलं. दोन वर्षांत कधी दाबावं लागलं होतं?"

"नाही," वायरमन म्हणाला.

"इंजिनिअरसाहेबांनी मंगळवारी मावशींकडच्या डब्यातला नियम बदलला. काकूंकडच्याला हात लावला नाही, कारण अदलाबदल त्यांना माहीत नव्हती. म्हणून आज सकाळी दोन्ही डब्यांत एकच नियम सापडला, आपोआप सुरू. नुसतं बघायला पासवर्ड लागत नाही, आम्ही कीबोर्ड लावून पाहिलंय. पहिल्या खोलीच्या भिंतीवर मात्र लाल अक्षरात उलटं लिहिलंय, आणि शुक्रवारी तो डबा उठला तोवर कीबोर्ड पाच महिने आत गेलेला नव्हता."

काकूंनी स्वतःची उजवी बाही चाचपली. "म्हणजे शुक्रवारी..."

"हो."

"आणि मी हसत होते," काकू म्हणाल्या.

साहेबांनी कबुलीचा कागद टेबलावरून उचलला, फाडायला घेतला आणि थांबले. "हा फाईलला लावावा लागेल का?"

"लागेल. बिनसहीचा." बाईंनी स्वतःची वही बंद केली. गुडघा आता उभं राहू देत नव्हता. "अहवालात तीन गोष्टी येतील. अदलाबदल झाली. ती लपवली गेली, लपवणाऱ्याला ती माहीतही नसताना. आणि कुठला डबा कुठल्या खोलीचा, हे दोन वर्षांत कुणालाही पुढच्या बाजूला लिहावंसं वाटलं नाही. त्यात साहेब, तुम्हीही आलात."

"नाव येईल?" मावशींनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "त्याचं?"

"येईल. अजाणता झालं असंही येईल. ताकीद मिळेल, बहुतेक त्यापुढे काही नाही. घर जाणार नाही."

इंजिनिअर उठून गेला. त्याला कुणी थांबवलं नाही. साहेब फोनवर वरच्यांशी बोलायला बाहेर पडले. काकू आपल्या अंड्यांकडे वळल्या, जाताना दारात मावशींच्या खांद्यावर हात ठेवून. बाई वही बॅगेत घालत होत्या आणि चष्मा शोधत होत्या, जो त्यांच्या डोळ्यांवरच होता.

वायरमन बहिणीसमोर उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला. "माझ्या हाताने झालं."

"ऐकलं मी."

"मला माहीत नव्हतं गं. मला खरंच वाटलं, कार्ड बरोबर घातलं की झालं."

"त्याचं काही नाही रे. ते कुणालाच माहीत नव्हतं." मावशींनी पेनाला टोपण लावलं आणि ते साहेबांच्या बाजूला सरकवलं.

"मग बोल ना काहीतरी. शिव्या दे. असं गप्प नको राहू."

मावशी उठल्या. अंघोळीच्या खोलीकडे जायचा रस्ता त्याच्या अंगावरूनच होता. त्याने बाजू दिली.

"तीन दिवस बोलतच होते," त्या म्हणाल्या.

पाळी संपायला अजून वीस मिनिटं होती. आत जायला त्यातली दहा गेली असती. तरी त्या गेल्या.